अकरा दगडांची वही

गावाचं नाव मी लिहिणार नाही. प्रवासाची हकीकत सांगायची आणि गावच गाळायचं, म्हणजे लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाचं नाव न छापण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण वाचकांनी यावेळी सांभाळून घ्यावं. गाव आंदर मावळात आहे आणि कान्हे स्टेशनावर उतरून तिथं पोचायला तीन तास चालावं लागतं, एवढ्यावर भागवा. माणसांचीही नावं या लेखात नाहीत. ती का नाहीत, ते पुढं येईलच.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी पुण्याच्या एका शाळेत इतिहास शिकवतो आणि सुट्टी लागली की जुने कागद हुडकत खेडोपाडी हिंडतो. शूर लोकांच्या लढाया मुलांना रंगवून सांगणारा मी स्वतः मात्र पक्का भित्रा आहे. घरात पाल दिसली की मी अंगणात जातो आणि सौभाग्यवती केरसुणी घेऊन आत येते. असा माणूस आपल्या पायांनी त्या गावात गेला, याचं तिला अजूनही नवल वाटतं आणि मला तर तिच्याहून जास्त.

लोणावळा

लोणावळ्याला मी उतरलो तो जुन्या कागदांच्या नादात ओळख झालेल्या एका मावशींना भेटायला. बाजारामागच्या गल्लीत भावाच्या चहाच्या दुकानाला लागून त्यांनी आडोसा केला होता. पत्र्याची एक खोली, बाहेर चूल. त्यांचे यजमान त्या गावच्या पीराचे मुजावर. पीराची झाडलोट, दिवाबत्ती आणि वर्षाचा उरूस ही कामं त्यांच्या घराण्याकडे किती पिढ्या होती, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीला गावात एक दल उभं राहिलं. आसपासच्या चार वाड्यांतले वीस-पंचवीस जवान, डोक्याला पांढरा पंचा, हातात काठी आणि गळ्यात शिटी. त्यांचा पुढारी लढाईवर जाऊन आलेला होता, म्हणून त्याला सगळे कप्तान म्हणत. पोलिसांची चौकी दूर, तलाठी आठवड्याकाठी येणार, तेव्हा कप्तान सांगेल तो कायदा. पहिला कायदा निघाला तो पीराच्या दिव्याचा: दिवा लागता कामा नये. मग मुजावराच्या घरातले कागद चावडीपुढं आणून जाळले. मग पीराचा चौथरा पाडला. मावशींचं घर गाव सोडून लोणावळ्याला आलं आणि तीन आठवड्यांत मुजावरांनी जीव सोडला.

"दुखणं काय न्हवतं," मावशी म्हणाल्या. "धसका घेतला. रोज म्हनायचं, कागुद गेला, आता आपन तितलं हाव ह्ये कोन म्हनंल?"

कागद म्हणजे सनद. पीराच्या दिवाबत्तीसाठी जुन्या काळी दिलेल्या जमिनीचा आणि मुजावराच्या घराचा शिक्क्याचा कागद. तो आता राख झाला होता. मी मावशींना म्हटलं, मी जाऊन बघतो, कुणाकडं नक्कल असेल, कुणाला काही आठवत असेल. आणि त्या दलाच्या वर्षभरात गावानं दिवस कसे काढले तेही लिहून आणतो. बोलताना छाती फुगली होती. गल्लीच्या टोकापर्यंत येईतो ती उतरली.

"आबांकडं उतरा," मावशींनी सांगितलं होतं. "उरसाला पीरावर पैला गलेफ चडायचा त्यो त्येंच्याच घरचा. पर मास्तर, आबांबिगर कुनाफुडं आमचं नाव काडू नगा तितं."

कार्ले

आधी मी कार्ल्याला गेलो. खरं सांगायचं तर ही वाट वाकडी करण्याचं कारण भीती. त्या गावात कुणी विचारलंच, तर मी जुनी लेणी आणि जुने दगड बघत हिंडणारा मास्तर आहे, असं सांगायचं मी ठरवलं होतं. आणि तसं सांगायचं तर वहीत थोडी लेणी हवीत. दिवसभर वर बसून मी खांबांची मापं घेतली, पेन्सिलीनं एका खांबाचं चित्रही काढलं. चित्र पाहून एका गुराख्यानं "ह्यो रांजण कशाचा?" असं विचारलं.

खाली रस्त्याकडेच्या टपरीत गरम भजी आणि गुळाचा चहा मिळाला. पुण्यात आम्ही चहा विचारतो तेव्हा समोरच्यानं नको म्हणावं अशी आतून इच्छा असते. टपरीवाल्यानं विचारलंच नाही, दुसरा पेला भरून पुढं सारला. तो फार बरा वाटला.

आंदर मावळ

कान्ह्याहून निघालो तेव्हा उन्हं नुकती वर आली होती. भात कापून झालेली खाचरं, त्यांत उभे पेंढ्यांचे भारे, आणि समोर एकामागं एक डोंगर. दुसरा कुणी असता तर त्या देखाव्यावर दोन पानं लिहिली असती. माझं लक्ष शिटी ऐकू येते का, इकडं होतं. एका ओढ्यात वहाणेचा अंगठा तुटला आणि मी गुडघ्याएवढ्या पाण्यात बसलो. वही तेवढी हात उंच करून वाचवली. पुढचा तासभर तुटकी वहाण सुतळीनं बांधून फरफटत गेलो.

आबांनी मला दारात बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं आणि काही न विचारता गूळपाणी आणवलं. साठीचा, उंच, हळू बोलणारा शेतकरी. गावातलं मोठं घर. कुणी पाठवलं, हे मी कानात सांगितल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"ऱ्हावा," ते म्हणाले. "पर इचारलं तर दगुड बगाया आलाय. येवडंच."

संध्याकाळी आंबेमोहराचा भात आणि हुलग्याचं माडगं झालं. वाढताना आबांच्या सुनेच्या मनगटाकडं माझं लक्ष गेलं. दोन्ही हात मोकळे. नवरा शेजारी बसलेला, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि हातात काकणाचा तुकडा नाही. मला भलतीच शंका आली. आबांनी ती ओळखली.

"मनेर यायचा काकनं भराया. मुसलमान. त्येला येशीवरनं मागं घातला. दुसऱ्या कुनाकडनं भरायची तर कप्तानाला इचारून. मंग आमच्या बाया म्हनल्या, ऱ्हाऊं द्या तशीच. औंदा गावात तीन लग्नं झाली, मास्तर, उसनी काकनं चढवून."

ही गोष्ट मी त्याच दिव्यापाशी लिहिली. आणि इथंच माझ्या हातून ती चूक झाली. जुने कागद वाचून आम्हाला एक शिस्त लागलेली असते: माहिती देणारा कोण, कुठला, किती वयाचा, ते आधी लिहायचं, नाहीतर त्या माहितीला पुराव्याचं मोल नाही. मी पानाच्या माथ्यावर आबांचं पूर्ण नाव, वाडी आणि वय लिहिलं आणि खाली रेघ मारली. लिहिलं मोडीत. मोडी मला भरभर येते आणि आताच्या पोरांना ती वाचता येत नाही. मला वाटलं, कुलूपच घातलं आपण.

दुसऱ्या दिवशी आबा मला पाडलेल्या चौथऱ्याकडं घेऊन गेले, वाट चुकलेली शेळी शोधायच्या मिषानं. तिथं नुसती उघडी जमीन होती. एक दगडसुद्धा नव्हता.

"कुठं टाकले दगड?"

आबांनी आधी मागं पाहिलं. "हुकूम व्हता, येकेका घरानं येकेक धोंडा उचलून वड्यात टाकायचा. अकरा मोटं धोंडं, अकरा घरं. आमी उचललं. पर वड्यात कुनीच न्हाई टाकला. ज्येनं त्येनं आपल्या बांदात घातला, वर माती वढली. माजा धोंडा कोपऱ्याचा हाय, त्यो आंब्याखाली. येक दिस परत बसवायचा तर कुनाचा कुटं हाय ह्ये ठावं नगं?"

इतकी वर्षं मी इतिहास शिकवला, पण तो असा मातीखाली झाकून ठेवलेला पहिल्यांदा पाहत होतो. दोन दिवसांत मी अकराही घरी जाऊन आलो. खळ्यावर भात झोडताना, पाणवठ्यावर, गोठ्यात. कुणी गवत कापताना मान वर न करता सांगे, कुणी मला पाठमोरं बसवून बोले. प्रत्येकाचं पान मी शिस्तीत भरलं. वर नाव, वाडी, वय. खाली दगड कुठल्या बांधात, किती हातांवर.

चावडी

तिसऱ्या सकाळी मी निघायच्या तयारीत होतो. आबांच्या खळ्यावर पिशवी बांधत असताना शिटी वाजली. तीन वेळा, जवळच. झोडणी करणाऱ्या बायांचे हात जागच्या जागी थांबले. तिघेजण आले आणि त्यांतला एक अगदी अदबीनं म्हणाला, "मास्तर, कप्तानांनी चावडीवर बोलावलंय. वही घिऊन."

खळ्यापासून चावडी दोनशे पावलं असेल. त्या दोनशे पावलांत मला कळून चुकलं की वहीत मी काय घेऊन चाललो आहे. अकरा माणसांनी जीव मुठीत धरून जे वर्षभर लपवलं, ते मी नावानिशी, वयानिशी, हात मोजून एका जागी मांडून ठेवलं होतं. दलाला वर्षभर हिंडून जे गवसलं नसतं ते मी दोन दिवसांत गोळा करून त्यांच्या हातात नेऊन देत होतो. वाटेत विहीर लागली. वही आत फेकावी असं मनात आलं, पण हात उचलला नाही. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

कप्तान तिशीचा, नीटनेटका. आवाज चढवत नव्हता आणि त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. वही त्यानं उलगडली. लेण्यांची मापं आणि माझा खांब पाहून थोडा हसलाही. मग पानं उलटत मोडीवर आला.

"ह्ये काय लिवलंय?"

"जुन्या दगडांची टिपणं," मी म्हणालो. "टिपणं" दोनदा म्हणावं लागलं.

"तुमीच वाचून दावलं तर तुमी तुमचंच वाचनार. तात्यांना बलवा."

तात्या म्हणजे गावचे जुने कुलकर्णी. सत्तरीच्या पुढचे, वाकलेले, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. गावात मोडी वाचणारे ते एकटेच उरले होते. मला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की सनद जाळण्याआधी कप्तानानं ती त्यांच्याकडून वाचून घेतली होती, आणि त्यांनी ती वाचली होती. अकरा जणांतला एकही जण त्यांच्याशी बोलत नव्हता. म्हणून मीही त्यांच्या दारी गेलो नव्हतो.

"मास्तर म्हनत्यात दगडांची टिपनं हायती," कप्तान त्यांना म्हणाला आणि पान पुढं केलं. पान आबांचं होतं.

तात्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. एक ओळ वाचून होईल इतका वेळ गेला. मग त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला लागला नाही.

"पूर्वेस," तात्या वाचू लागले, "उभा धोंडा, त्यावर चंद्रसूर्य कोरिले. तेथून चाळीस हातांवर जांभळीचे खोड. दक्षिणेस ओढ्याची कड, कडेने पायवाट, वाटेवर आडवा धोंडा. पश्चिमेस आंब्यांचा बांध, आंबे सात. उत्तरेस विहीर, विहिरीचे थारोळ्यासह."

मी आ वासून ऐकत होतो. यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नव्हतं. म्हातारा भ्रमला, असं मला आधी वाटलं. पण ती भाषा! कोरिले, थारोळ्यासह, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या टाक्यासकट, असं आज कुणी बोलत नाही. असं फक्त सनदेत लिहितात. चार दिशा, चार खुणा. जाळलेला कागद माझ्यापुढं वाचला जात होता, आणि जाळणारा मांडी घालून ऐकत होता.

कप्तान काही खुळा नव्हता. त्यानं बोट ठेवलं. "हितं वर येक वळ, मंग रेग. फुडल्या पानावर बी तसंच. समद्या पानांवर. ह्ये वरचं काय हाय?"

"ठिकाणा," तात्या म्हणाले. "दगड कुठं आहे त्याचा."

ते खरंच होतं: वर ज्याचं नाव, त्याच्याच बांधात दगड.

कप्तानानं वही मिटली, पुन्हा तेच पान उघडलं आणि तात्यांच्या हातात दिलं. "परत वाचा."

खोटं वाचणारा माणूस दुसऱ्या खेपेला अडखळतो, हे कप्तानाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. शाळेत मी पोरांना असंच पकडतो. तात्यांनी चष्मा पुसला आणि वाचू लागले. उभा धोंडा, चंद्रसूर्य, चाळीस हात, जांभळीचे खोड. ओढ्याची कड, आडवा धोंडा. आंबे सात. विहीर, थारोळ्यासह. एक शब्द इकडचा तिकडं नाही. कप्तान ओठ हलवत मोजत होता. शेवटी त्यानं मान हलवली.

"दगुड बगून झालं असतील तर दुपारची गाडी धरा, मास्तर. फिरून येऊ नगा. तात्या, ह्यांना येशीच्या भाईर घाला."

ओढा

आम्ही दोघं निघालो. काठीवाला एकजण शंभर पावलं मागं येत होता, म्हणून तात्या समोर बघूनच बोलत होते.

"इतक्या पानांवर माणसांची नावं लिहिता, मास्तर? तुम्हाला काही काळजी?"

मान खाली घालून चालत राहिलो.

"मागल्या वर्षी मला विचारलं, या कागदात काय आहे. मी खरं वाचलं. चाळीस वर्षं गावचं दप्तर सांभाळलं, कागदात आहे तेच वाचायचं, दुसरं वाचायची जिभेला सवयच नव्हती. मी इनाम म्हणालो, मुजावराचं घर म्हणालो आणि पुढच्या खुणा न ऐकताच त्यांनी काडी लावली. औषधाचा हिशेब म्हटलं असतं, पंचांग म्हटलं असतं, तर कागद बचावला असता. मुजावर माझ्याबरोबर गोट्या खेळलेला."

मागचा माणूस जवळ येतोय की काय म्हणून मी वळून पाहिलं. तो विडी पेटवत होता.

"पुरी पाठ आहे?" मी विचारलं.

"दर उरसाला मीच वाचायचो. चाळीस वेळा वाचली असेल."

मग ओढ्यापर्यंतच्या वाटेवर, काठीवाल्याच्या नजरेखाली, आम्ही दोघांनी ती सनद घोकली. ते एक वाक्य म्हणत, मी पुटपुटत म्हणे. चुकलो की ते "हं" करून थांबत. चावडीवर गाळलेलं वाक्यही त्यांनी आता सांगितलं: दक्षिणेस ओढ्याच्या कडेस मुजावराचे घर, त्याचे त्याणे लेकराचे लेकरी नांदावे. ओढ्यापाशी ते थांबले. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर म्हणाले, "ते नको. तो बघतोय." आणि माघारी वळले.

पलीकडच्या करवंदीच्या जाळीआड मी बसलो. अकरा पानांच्या माथ्यावरच्या पट्ट्या फाडल्या. नाव, वाडी, वय. खालचे ठिकाणेही फाडले. ज्याच्यासाठी जन्म घालवला तो पुरावाच मी बोटांनी बारीक करत होतो. फाडताना अकरा वेळा जिवाला लागलं आणि अकरा वेळा हलकंही वाटलं. तुकडे ओल्या खाचरात दाबून वर पाय दिला. मगच बाकी वहीत सनद लिहून काढली. घाईत अक्षर असं आलं की माझं मलाच ओळखू येईना.

पुन्हा लोणावळा

संध्याकाळी मावशींकडं पोचलो. गाडीत बसून स्वच्छ नक्कल केली होती. शिक्का नाही, सही नाही, एक शाईचा कागद. मावशींनी हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीला टेकून न बसता सरळ बसल्या. मी वाचलं. मुजावराच्या घराच्या वाक्यावर त्यांनी डोळे मिटले आणि मी पुरतं वाचून होईतो उघडले नाहीत.

"कुनी सांगितलं ह्ये?"

"तात्यांनी."

चुलीवरचं आधण वर येऊन उतू गेलं, तरी उठल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, अगदी साधेपणी, उद्याच्या बाजाराचं विचारावं तसं:

"मंग मास्तर, जावं का आता आमी घरी?"

मी कागदासाठी गेलो होतो. माझ्या डोळ्यांपुढं कप्तानाचं ते पानावर ठेवलेलं बोट आलं. खोटं बोलून यांना धीर देता आला असता, पण जे मी पाहून आलो होतो त्यानंतर तसं करण्याची लाज वाटली.

"एवढ्यात नको, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. कागदाची घडी घातली, दोनदा, बोटानं नीट दाबली आणि माझ्याच हातात परत दिली.

"मंग तुमीच ठेवा. आमाला घर ठावं हाय. तुमी इसराल."

कागद मी घेऊन आलो. तो माझ्या कपाटात आहे आणि मावशी अजून लोणावळ्यात आहेत.